अम्मीच्या सायकलीचं वजन

अमेरिकेच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात मेन हे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्याला लागून माउंट डेझर्ट नावाचं डोंगराळ बेट आहे. मुख्य भूमीशी ते पुलाने जोडलेलं असल्यामुळे गाडी थेट बेटावर जाते. बेटाचा बराचसा भाग अकेडिया नॅशनल पार्कमध्ये येतो. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला गुलाबी छटेचे खडक आणि मधे गोड्या पाण्याची तळी. पण आम्ही तिथं गेलो ते रस्त्यांसाठी.

या पार्कात ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर लांबीचे असे रस्ते आहेत, ज्यांवर मोटार चालत नाही. फक्त पायी चालणारे, घोडे, घोडागाड्या आणि सायकली. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी १९१३ ते १९४० या काळात हे रस्ते बांधून घेतले. गंमत अशी की या घराण्याची सगळी दौलत तेलाच्या धंद्यातून आलेली. तेलावर धावणाऱ्या मोटारी बेटावर येऊ लागल्या तेव्हा त्यांनी आपल्या पैशातून मोटारींना बंदी असलेले रस्ते केले. रस्ते साधारण १६ फूट रुंद, खडी दाबून केलेले, पाण्याचा निचरा नीट होईल असे. मधे दगडी कमानींचे १७ पूल. घोड्यांना चढ सोसावा म्हणून रस्ता डोंगराच्या अंगाने वळसे घेत जातो. घोड्याला जो चढ सोसतो, तो सायकलवाल्यालाही सोसतो.

आता अडचण अशी की मोटार नसलेल्या या रस्त्यावर सायकल चालवायची, तर ती आधी मोटारीवर लादूनच न्यावी लागते. आम्ही राहतो न्यू जर्सीत. तिथून अकेडिया सुमारे ५०० मैल. छोट्या एसयूव्हीवर सायकल कशी न्यायची, हा प्रश्न तेव्हा आमच्यापुढे उभा राहिला. हा लेख मुख्यतः त्या प्रश्नाबद्दल आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत. त्यांना या हिशेबाचा उपयोग होईल, असं वाटतं.

पिशव्यांपाशी कोण बसणार?

आमच्या घरात चार माणसं. आम्ही नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि अम्मी. अम्मी दोन वर्षांपूर्वी कोकणातून आमच्याकडे राहायला आली. दाभोळच्या खाडीकाठच्या गावात तिचं बालपण गेलं. तिचे भाऊ सायकलवरून शाळेत जायचे आणि ती त्यांच्या मागून चालत जायची. मुलीने सायकल शिकायची असते, हे त्या काळी त्या गावात कुणाच्या मनात आलं नाही. कुणी मनाई केली असंही नाही; विषयच निघाला नाही, असं ती सांगते.

न्यू जर्सीत डेलावेअर-रॅरिटन नावाचा जुना कालवा आहे. १८३४ साली तो खुला झाला आणि जवळजवळ शंभर वर्षं त्यातून मालाची वाहतूक चालली. पूर्वी कालव्यातल्या नावा खेचर ओढत चालायचे. त्या खेचरांची वाट आता चालण्या-सायकलीची वाट झाली आहे. झाडांच्या सावलीतून जाणारी, अगदी सपाट. या वाटेवर अम्मी वयाच्या ६४व्या वर्षी सायकल शिकली. गुडघे दुखतात म्हणून तिच्यासाठी बॅटरीची सायकल घेतली. तीही अशी, की मधे आडवी दांडी नाही. पाय उंच न टाकता चढता येतं, सलवार अडकत नाही, साखळीला पूर्ण झाकण आहे. ओढणी ती मागे गाठ मारून आत खोचते आणि रुमालावर हेल्मेट घालते.

पण कालवा आमच्या दारात नाही. ती जड सायकल डिकीतून न्यायची तर मागच्या दोन्ही सीट पाडाव्या लागत. मग गाडीत दोनच माणसं मावत, आणि अम्मी शिकायला निघाली की नातीला घरी बसावं लागे. अकेडियाचा बेत निघाला तेव्हा अम्मी लगेच म्हणाली, "तुम्ही तिघं फिरून या. मी बसते गाडीत. पिशव्या कुणीतरी बघायला हव्यातच ना?"

हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात ऐकू येतं. सहलीला गेलं की सामानाजवळ एक जण थांबतं, आणि बहुतेक वेळा ती घरातली आई असते. समुद्रावर चपला ती सांभाळते, किल्ल्याच्या पायथ्याशी पाण्याच्या बाटल्या ती सांभाळते. तिच्याशी कुणी भांडत नाही, कारण तीच स्वतःहून बसते. आम्ही ठरवलं, या खेपेला जायचं तर चौघांनी आणि चार सायकलींवर. आणि मग रॅकचा शोध सुरू झाला.

चार प्रकारचे रॅक

गाडीवर सायकल नेण्याचे मुख्य मार्ग चार. पहिला टपावरचा. एसटीच्या टपावर दोरीने बांधलेली सायकल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, हा त्याचाच सुधारलेला अवतार. हलक्या सायकलींना तो चांगला. डिकी मोकळी उघडते, नंबरप्लेट झाकली जात नाही. पण अम्मीची सायकल बॅटरीसकट ५३ पौंडांची, म्हणजे २४ किलोची. बॅटरी काढली तरी ४६ पौंड, म्हणजे २१ किलो. टपावरचे बरेच रॅक एका सायकलीला ३५-४० पौंडांचीच परवानगी देतात. शिवाय २१ किलोचं धूड डोक्यावर उचलून बसवायचं कुणी? उंचीचाही प्रश्न होता. टपावर सायकल उभी केली की गाडी नऊ फुटांच्या घरात जाते. कनेक्टिकटमध्ये मेरिट पार्कवे नावाचा सुंदर जुना रस्ता आहे, त्याच्या पुलांखालून आठ फुटांपेक्षा उंच वाहनाला जाता येत नाही. इमारतींखालच्या पार्किंगची गोष्ट तर वेगळीच.

दुसरा प्रकार पट्ट्यांचा. डिकीच्या दाराच्या कडांना हूक लावून पट्टे ओढून बसवायचा. सगळ्यांत स्वस्त, आणि कुठल्याही जोडकामाशिवाय लागतो. पण सगळा भार डिकीच्या पत्र्यावर आणि काचेच्या कडेवर येतो. बॅटरीच्या सायकलीला असे बहुतेक रॅक चालत नाहीत, तसं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलंच असतं.

तिसरा आणि चौथा प्रकार गाडीच्या मागे खालून बसवलेल्या ट्रेलर हिचवर लागतो. हिच म्हणजे मागच्या बंपरखाली, गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी आवळलेला लोखंडी दांडा. त्याला मधोमध एक चौकोनी नळी असते. ट्रेलर ओढायचा तर त्या नळीत गोळा असलेला तुकडा सरकवतात, सायकली न्यायच्या तर रॅक सरकवतात. नाव ट्रेलर हिच असलं तरी ट्रेलर बाळगावाच लागतो असं नाही.

हिचवरच्या रॅकमध्ये एक प्रकार टांगण्याचा. एक उभा खांब, त्यातून मागे आलेले दोन हात, आणि त्या हातांवर सायकल आडव्या दांडीने लटकवायची. इथं एक गोष्ट आमच्या लक्षात आली. हा रॅक आडवी दांडी असलेल्या सायकलीसाठी, म्हणजे पूर्वी ज्याला पुरुषांची सायकल म्हणत तिच्यासाठी, बनलेला आहे. अम्मीच्या सायकलीला ती दांडीच नाही. सीटच्या खांबापासून हँडलपर्यंत जोडायची एक नकली दांडी मिळते, पण २१ किलोची सायकल अशा जोडाला लटकवून ५०० मैल झुलत न्यायला मन धजेना.

दुसरा प्रकार चाकं ठेवण्याचा. सायकल जमिनीवर असते तशीच दोन चाकांवर खाचेत उभी राहते. यातही दोन पोटप्रकार आहेत. काहींचा हूक सायकलीची दांडी वरून दाबून धरतो, तिथं पुन्हा दांडीची अडचण. काहींचा हात मात्र फक्त चाकाला दाबतो, सायकलीच्या चौकटीला हातही लावत नाही. अम्मीच्या सायकलीला हाच एक उपाय होता. मात्र तिला मडगार्ड आहेत, आणि चाक दाबणारा हात मडगार्डला घासतो का, हे चित्रात कळत नाही. म्हणून सायकल दुकानात घेऊन गेलो आणि बसवूनच पाहिली. टायरची रुंदी खाचेत मावते का आणि दोन चाकांमधलं अंतर रॅकच्या लांबीत बसतं का, हेही तिथंच तपासलं. वाचकांनीही सायकल घरी ठेवून रॅक घ्यायला जाऊ नये.

आकड्यांचा हिशेब

दुकानातल्या माणसाने आम्हाला चार सायकलींचा रॅक दाखवला आणि सांगितलं, "दोन इंची हिच बसवा. तो ५०० पौंडांचं वजन पेलतो. चार सायकली आरामात जातील." हिचच्या बाबतीत त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण गाडीचं काय, हे त्यात आलं नव्हतं.

अमेरिकेत छोट्या गाड्यांसाठी दोन मापांचे हिच प्रचलित आहेत. एक सव्वा इंची नळीचा, दुसरा दोन इंची. सव्वा इंचीतला हलका वर्ग साधारण २०० पौंडांचा उभा भार सोसतो. दोन इंची त्याहून कितीतरी जास्त. उभा भार म्हणजे हिचच्या टोकावर वरून खाली दाबणारं वजन. ट्रेलर ओढताना ट्रेलरचा बहुतेक भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो, आणि साधारण दहावा हिस्सा हिचवर येतो. रॅकला चाकं नसतात, म्हणून त्याचं पूर्ण वजन हिचवरच येतं.

आमच्यासारख्या बऱ्याच छोट्या एसयूव्ही १,५०० पौंडांच्या आसपासचा ट्रेलर ओढायला योग्य ठरवलेल्या असतात. आमच्या गाडीच्या पुस्तकात उभ्या भाराची मर्यादा १५० पौंड, म्हणजे ६८ किलो लिहिली आहे. हिच कितीही दणकट बसवला तरी ही मर्यादा बदलत नाही. नळी मोठी झाली म्हणून गाडी बळकट होत नाही. गाडीचा, हिचचा आणि रॅकचा असे तीन आकडे समोर ठेवायचे आणि त्यांतला सगळ्यांत लहान आकडा खरा मानायचा. काही कंपन्या सायकल रॅकसाठी ट्रेलरपेक्षा वेगळा आकडा देतात, तो दिला असेल तर तोच पाळायचा.

आम्ही कागद घेतला. चार सायकलींचा रॅक स्वतःच ८५ पौंडांचा. त्यावर अम्मीची सायकल बॅटरीविना ४६, आमच्या दोघांच्या २९ आणि २७, मुलीची २५. बेरीज २१२ पौंड. मर्यादा १५०. म्हणजे विषयच संपला.

यात आणखी एक बारकावा आहे. पाण्याची भरलेली बादली अंगाजवळ धरली तर फार जड वाटत नाही. हात लांब करून धरली की खांदा निखळेल असं वाटतं. रॅकवरची चौथी सायकल गाडीपासून लांब, हात लांब केलेल्या बादलीसारखी असते. खड्ड्यात गाडी आदळली की तो झटका आणखी वाढतो. म्हणून जड सायकल नेहमी गाडीलगतच्या खाचेत ठेवायची. आणि चार सायकलींच्या पुष्कळ रॅकमध्ये मागच्या दोन खाचांना परवानगीचं वजनही कमी असतं.

ट्रेलरचाही विचार झाला. लहान ट्रेलर घेऊन चारही सायकली त्यात ठेवल्या तर उभा भार कमी होतो. पण मग मागच्या दिव्यांची वायर जोडावी लागते, ट्रेलरची नोंदणी आणि नंबरप्लेट आली, घरापुढे ठेवायला जागा हवी, आणि बेटावरच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये तो वळवायचा कसा? मेरिट पार्कवेवर तर ट्रेलरला बंदीच आहे. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी एवढा पसारा म्हणजे फिजूलखर्ची झाली असती.

मग उत्तर बायकोने काढलं. बेटावर, बार हार्बर गावात, सायकली भाड्याने मिळतात. आम्हा दोघांना कुठलीही सायकल चालते. अम्मीला नाही. ती ज्या सायकलीवर शिकली, जिचा ब्रेक किती दाबला की किती थांबते हे तिच्या हाताला ठाऊक आहे, तीच तिला हवी. मुलीची उंची वाढते आहे, तिलाही सवयीची बरी. म्हणून दोन सायकली सोबत न्यायच्या आणि दोन तिथं भाड्याने घ्यायच्या. दोन सायकलींचा रॅक ५२ पौंड, अम्मीची ४६, मुलीची २५. एकूण १२३ पौंड, म्हणजे ५६ किलो. मर्यादेच्या आत, आणि झटक्यांसाठी थोडी सवलतही राहिली.

अम्मीलाच भाड्याने बॅटरीची सायकल घेऊन द्यावी, असं एका स्नेह्याने सुचवलं. एका सहलीपुरतं ते स्वस्तही पडलं असतं. पण कालव्यावर दर शनिवारी जायचं तर रॅक लागणारच होता. आता मागच्या सीट उभ्या राहतात आणि नातही सोबत येते.

बसवणं आणि बांधणं

आम्ही दोन इंची हिचच घेतला. जास्त वजन न्यायचं म्हणून नव्हे, तर जड सायकल पेलणारे चांगले रॅक बहुतेक दोन इंची नळीसाठीच मिळतात म्हणून. सव्वा इंचीवर दोन इंचीचा जोड लावता येतो, पण त्याने रॅक आणखी मागे सरकतो आणि भार सोसण्याची ताकद कमी होते. हिच २२० डॉलरला पडला, गॅरेजची मजुरी १५० आणि रॅक ६४०. बसवायला दीड तास लागला. सायलेन्सरची नळी रबरी कड्यांतून सोडवून खाली घेतली, दांडा सांगाड्याला आधीच असलेल्या भोकांवर टेकवला, ठरलेल्या मापाने बोल्ट आवळले, खालच्या प्लास्टिकला थोडी खाच पाडली. नुसता रॅक लावायचा असल्यामुळे वायरिंगचा खर्च वाचला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं, तिकडे गाडीची नंबरप्लेट आणि दिवे झाकले जात असतील तर रॅकवर वेगळी दिव्यांची पट्टी आणि नंबरप्लेट लावावी लागते. अमेरिकेतही रिकामा रॅक दुमडून उभा केला की प्लेट आणि मागचा कॅमेरा झाकला जातो. काम नसेल तेव्हा तो काढून ठेवणं बरं.

निघण्याआधी दोन आठवडे आम्ही घरापुढे सराव केला. बॅटरी काढून गाडीच्या आत ठेवायची. आधी पुढचं चाक खाचेत, मग मागचं उचलून. चाक दाबणारा हात घट्ट, मागच्या चाकाचा पट्टा घट्ट, पट्ट्याचं लोंबतं टोक खोचलेलं. सायलेन्सरचा गरम धूर टायरवर येत नाही ना, हे वाकून पाहायचं. सायकलींवर ताडपत्री घालायची नाही, वारा भरला की तिचं शीड होतं. हिचच्या खिळीला कुलूप. आणि निघाल्यावर पहिल्या २० मैलांवर थांबून सगळं पुन्हा हलवून बघायचं. आधी उंटाला दावं आणि मग तवक्कुल, ही शिकवण लहानपणी मदरशात ऐकलेली. हिचपाशी वाकलं की ती रोज आठवते.

वाटेवर आणि बेटावर

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर, शाळेला जोडून आलेल्या सुटीत, आम्ही निघालो. सवारीची दुआ अम्मीने मोठ्याने म्हटली. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर आणि मग मेन. रॅकमुळे गाडी लांब होते, हे मागे घेताना सारखं लक्षात ठेवावं लागतं. डिकी उघडायला रॅक कलता होतो, तरी दर वेळी तो खटाटोप नको म्हणून डबे आणि जानमाज पुढेच ठेवले होते. पोर्टलंड शहरात रात्रीचा मुक्काम केला. मेनमध्ये, पोर्टलंड आणि लुइस्टन या शहरांत, सोमाली मुसलमानांची मोठी वस्ती झाली आहे, त्यामुळे हलाल जेवणाची चिंता उरली नाही. रात्री दोन्ही सायकली उतरवून खोलीत घेतल्या.

अकेडियात मोटारबंद रस्त्यांवर बॅटरीची सायकल चालते, पण फक्त पहिल्या वर्गाची. म्हणजे पायडल मारलं तरच मदत करणारी आणि ताशी २० मैलांना मदत थांबवणारी. नुसती मूठ पिळून धावणारी चालत नाही. हे आम्ही घरूनच पाहून निघालो होतो.

ईगल लेक नावाच्या तळ्याभोवती सहा मैलांचा फेरा आहे. सकाळी आठला पोहोचलो म्हणून गाडीला जागा मिळाली. अम्मीची सायकल उतरवली, बॅटरी बसवली. चौघं निघालो. पहिल्या मैलात कुणी बोललं नाही. डाव्या-उजव्या हाताला भूर्ज आणि पाइन, मधून पाणी चमकत होतं. चौरस्त्यांवर क्रमांक घातलेले लाकडी खांब आहेत, त्यामुळे वाट चुकत नाही. पश्चिमेच्या बाजूला लांब चढ लागला. आम्ही दोघं भाड्याच्या सायकलींवर धापा टाकत होतो आणि अम्मी शांतपणे पुढे गेली. नात ओरडली, "दादी, थांब ना!" अम्मीने मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं तर तोल जातो, हे तिने कालव्यावर शिकलं होतं.

समोरून चालणाऱ्यांचा घोळका आला. घोड्यांना आणि चालणाऱ्यांना वाट द्यायची, असा इथला नियम आहे. अम्मी उतरून कडेला उभी राहिली आणि ते जाईपर्यंत थांबली.

जुहरची वेळ झाली. हे तळं बार हार्बर गावाच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, त्यात उतरायला मनाई आहे, म्हणून बाटलीतल्या पाण्याने वुजू केला. इथून किबला ईशान्येला येतो. कोकणात आयुष्यभर पश्चिमेला तोंड करून नमाज पढलेल्या अम्मीला याची सवय व्हायला वेळ लागला होता. प्रवासाची सवलत घेऊन जुहर-असर एकत्र, कसर करून पढलो. दोन जण पढत असताना दोन जण सायकलींपाशी थांबले, मग पाळी बदलली. सामान सांभाळायची पाळी त्या दिवशी सगळ्यांची आली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बार आयलंडवर चालत गेलो. गाव आणि ते बेट यांच्यामधला वाळू-गोट्यांचा पट्टा ओहोटीच्या आधी-नंतर दीड-दीड तास उघडा पडतो, मग पाण्याखाली जातो. मुंबईच्या हाजी अलीची वाट ज्यांनी चाललेली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळी शेवंड खाल्ली. आम्ही शाफई असल्यामुळे तिथं अडचण नव्हती. शेवटी १,५३० फूट उंचीच्या कॅडिलॅक डोंगरावर गाडीने गेलो. शिखरापर्यंत डांबरी रस्ता आहे, हंगामात आधी वेळ राखून ठेवावी लागते. वरून सगळी बेटं दिसतात. अम्मीने पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. पण इथं तुम्ही मला आणलंत. तळ्याला मी स्वतः गेले."

घेणाऱ्यांसाठी थोडक्यात

रॅक घ्यायचा तर आधी गाडीचं पुस्तक उघडा आणि उभ्या भाराचा आकडा शोधा. तो आकडा हिच विकणारा सांगणार नाही. मग रॅकचं स्वतःचं वजन धरून बेरीज करा. सायकलीचं वजन जाहिरातीतून घेऊ नका, घरच्या काट्यावर करा. स्वतः उभं राहून, मग सायकल हातात धरून, आणि वजाबाकी. बॅटरी निघत असेल तर काढून मोजा. गर्दीच्या दिवसांत सगळ्याच सायकली वाहून नेण्याचा हट्ट नको. ज्याला कुठलीही चालते त्याने भाड्याने घ्यावी.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मोजायला सुरुवात घरातल्या सगळ्यांत अवघड सायकलीपासून करा. जी सगळ्यांत जड आहे, जिला दांडी नाही, जिला मडगार्ड आहेत. हलक्या, सुटसुटीत सायकली कुठल्याही रॅकवर बसतात आणि त्यांवर बसणारी माणसंही कुठूनही वाट काढतात. अवघड सायकल बहुधा अशा माणसाची असते, जे "तुम्ही जा, मी थांबते" असं म्हणतं. तिच्या मापाने रॅक घेतला तर बाकीच्या सायकली त्यात बसतातच. बाकीच्यांच्या मापाने घेतला, तर तिची तेवढी मागे राहते.